वेगळ्या खुंटीवरचा कंगवा

साहेब म्हणजे कुठल्या ऑफिसातले साहेब नव्हेत. दोन खुर्च्यांच्या एका सलूनचे ते अर्धे मालक. ऐन उकाड्यात, पंखाही गरम हवा फेकत असताना, हा माणूस पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, मनगटापर्यंत बटणं लावून, कॉलर ताठ करून गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहायचा. म्हणून कुणीतरी गमतीनं साहेब म्हणालं आणि ते नाव कायमचं चिकटलं. दुसरा विनोद त्यांच्या केसांवरून व्हायचा. अख्ख्या गल्लीचे केस सरळ रेषेत कापणाऱ्या साहेबांचे स्वतःचे केस मात्र मागून पायरी-पायरीनं उतरलेले असायचे. ते त्यांची बायको स्वयंपाकघरात कापायची. शेजारच्या खुर्चीवरचा भागीदार गेली कित्येक वर्षं "बस, दोन मिनिटांत नीट करून देतो" म्हणत होता आणि साहेब दर वेळी हसून टाळत होते.

कारण बाह्यांच्या आत आणि कॉलरच्या खाली जे होतं, ते भागीदारालाही ठाऊक नव्हतं. दोन्ही कोपरांवर तळहाताएवढे लालभडक चट्टे, त्यांच्यावर चंदेरी पापुद्रे. गुडघ्यांवर तसेच, पाठीवर थोडे, आणि मानेवर केस सुरू होतात तिथून वर डोक्यात. सोरायसिस. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा साहेबांना ते एखाद्या महागड्या अत्तराचं वाटलं होतं. भागीदाराला त्यांनी सांगून ठेवलं होतं की आपल्याला उन्हाची अॅलर्जी आहे. सलूनच्या आत ऊन कुठून येतं, हे विचारायचं त्या भल्या माणसाला कधी सुचलं नाही.

घरात मात्र लपवायची सोय नव्हती. तिथे हा आजार कुटुंबातल्या चौथ्या माणसासारखा राहायचा आणि सगळ्यांत जास्त जागा अडवायचा. सकाळी इतर दोघी उठायच्या आत साहेब दुकानातला मऊ ब्रश घेऊन स्वतःची खुर्ची झटकायचे, मग उशी, मग पलंगाची आपली बाजू. अंघोळीला कोमट पाणी आणि तेल घेऊन आत गेले की बाहेर येण्याचं नाव नाही. दारावर थापा मारून मुलगी शाळेला उशीर होत असल्याचं ओरडायची. रात्री कोपरांना डांबरासारखा वास येणारं मलम फासून वर प्लॅस्टिक गुंडाळायचं. कूस बदलली की कुरकुर आवाज. वेफर्सच्या पाकिटाशेजारी झोपल्यासारखं वाटतं, असं बायको म्हणायची. ती कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, त्यामुळे घरातल्या चादरी, अभ्रे, सोफ्याची खोळ सगळं तिनं फिकट रंगात निवडून आणलं होतं. पडलेलं दिसू नये म्हणून. तिचे कान फार तिखट. साहेब बाहेरच्या खोलीत नकळत कोपर खाजवायला लागले की आतून हुकूम यायचा, "नखं आवरा." साहेब तिला फौजदार म्हणत.

पण घरातला सर्वांत कडक कायदा फौजदारांचा नव्हता. तो साहेबांनी स्वतः केलेला होता. त्यांचा टॉवेल वेगळा, साबण वेगळा, उशी वेगळी, आणि कंगवा तर बाथरूमच्या दाराशेजारी वेगळ्या खुंटीवर, दोरी बांधून टांगलेला. त्याच्या खालच्या फळीवर निळ्या पाण्याची बाटली. हे निळं पाणी म्हणजे सलूनमध्ये काचेच्या बरणीत असतं ते जंतुनाशक. एका डोक्यावरून उचललेला कंगवा त्यात बुडवल्याशिवाय दुसऱ्या डोक्याला लावायचा नाही, हा त्यांच्या धंद्याचा पहिला धडा. साहेबांनी तो घरी आणला आणि स्वतःवरच लागू केला.

खरं म्हणजे याची काही गरज नव्हती. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत त्यांचं कोपर उघड्या हातात धरून सांगितलं होतं की हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, टॉवेलानं नाही आणि मिठीनंही नाही. पुढे त्या म्हणाल्या होत्या की घराण्यात मात्र उतरू शकतो, मुलं असतील तर लक्ष ठेवा. पहिलं वाक्य साहेबांनी ऐकलं. दुसरं आलं तोवर ते खाली मान घालून बाहीची बटणं लावत होते.

मुलगी लहान असताना एकदा खुंटीवरचा तो कंगवा काढून बाहुलीचे केस विंचरत बसली होती. साहेबांनी तो तिच्या हातातून हिसकावला आणि असे ओरडले की शेजारच्यांनी बेल वाजवून काय झालं म्हणून विचारलं. मुलीवर आवाज चढवण्याची ती त्यांची पहिली आणि शेवटची वेळ. तिला समजावून सांगण्याऐवजी त्यांनी कंगवा निळ्या पाण्यात बुडवला आणि खुंटी वीतभर वर ठोकली. त्यानंतर घरात त्या कंगव्याला कुणी हात लावला नाही. निदान साहेबांची तशी समजूत होती.

ही मुलगी आता बारा वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात तिचं नाव खारू. जमिनीवर धडपडणारी ही पोर पाण्यात पडली की सुसाट जायची. शाळेच्या पोहण्याच्या रिले चमूत चौघी होत्या आणि शेवटची फेरी खारूची असायची, कारण मागे पडलेलं अंतर भरून काढायला तीच लागायची. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी साहेब तिला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून, खाली वर्तमानपत्र पसरून तिचे केस कापायचे. हा त्यांचा अगदी आवडीचा कार्यक्रम होता. कात्री चालायची आणि खारूची टकळीही चालायची. शाळेतल्या सगळ्या भानगडी त्यांना त्या स्टुलावरूनच कळत.

बिनसलं ते तिथूनच. एका रविवारी ती म्हणाली, अभ्यास आहे. पुढच्या महिन्यात मान दुखत होती. त्याच्या पुढच्या महिन्यात तिनं सरळ सांगून टाकलं की आपल्याला केस वाढवायचे आहेत. आईला वेणी घालू देईना, तेल लावू देईना. मग एक दिवस पोहण्याची पिशवी माळ्यावर टाकली आणि पोहण्याचा कंटाळा आला म्हणाली. साहेब बावचळले. फौजदारांनी मात्र निदान करून टाकलं, "वय आहे. आता घर असंच डोक्यावर घेणार."

त्याच दिवसांत निळं पाणी लवकर संपू लागलं. साहेब एरवी वर्षातून दोनदा बाटली आणायचे. आता आणली की खाली गेलेली दिसायची. त्यांनी बायकोला विचारलं की फरशी पुसायला तर वापरत नाहीस ना. तिनं कंबरेवर हात ठेवून उत्तर दिलं की तुमच्या त्या पवित्र बाटलीला हात लावायची माझी काय टाप. हे हसण्यावारी नेण्यापलीकडे साहेबांना काही करता आलं नाही.

मग एका सकाळी, खुर्ची झटकताना, त्यांचा हात थांबला. खुर्चीच्या पाठीवर खारूचा शाळेचा गडद निळा स्वेटर पडला होता आणि त्याच्या उजव्या खांद्यावर पांढरं काहीतरी होतं. कोंडा असेल, असं कुणीही म्हणालं असतं. पण साहेबांचा जन्म डोकी बघण्यात गेलेला. कोंडा बारीक असतो, तेलकट असतो, चिमटीत चिकटतो. त्यांनी तो कण बोटावर घेऊन खिडकीशी नेला. कोरडा, पातळ, एकावर एक थर बसलेला, उजेडात चकाकणारा. असले पापुद्रे ते गेली पंधरा वर्षं रोज सकाळी स्वतःच्या उशीवरून झटकत होते.

त्या वेळी त्यांनी बायकोला हाक मारायला हवी होती. त्याऐवजी त्यांनी काय करावं? ब्रशनं स्वेटर स्वच्छ झटकला आणि होता तसा ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शहाण्यासुरत्या माणसाची अक्कल अशा वेळी कुठे चरायला जाते, कोण जाणे. फौजदारांनी एकदा विचारलंच की मुलीचा स्वेटर झटकायची सेवा कधीपासून सुरू केलीत. साहेब म्हणाले, दिसला म्हणून. ती पाहतच राहिली.

त्यानंतर त्या घरात तिघांनी एका टेबलाशी बसून जेवणंही कठीण झालं. खारू आता नेहमीची जागा सोडून भिंतीकडच्या खुर्चीत बसायची आणि उजव्या बाजूचे केस गालावर ओढून घ्यायची. साहेब पाण्याचा जग उचलायच्या निमित्तानं वाकून बघायचे. तिच्या ते लक्षात यायचं आणि ती अर्ध्या जेवणावरून उठायची. काळजीनं आजार बळावतो, तसा त्यांचाही बळावला. कोपरं भेगाळून रक्त यायला लागलं आणि बाह्यांना आतून डाग पडले. ते डाग धुताना फौजदारांनी विचारलं, दुकानात काही झालंय का. साहेबांनी नाही म्हटलं. रोज उठून ते स्वतःला बजावत होते की आज तिला विचारायचं, आणि रोज दुकानाची वेळ होत होती. विचारलं आणि ती हो म्हणाली, तर ते खरं ठरणार होतं. आणि खरं ठरलं, तर ते कुणाकडून आलं हे बायको विचारणार होती. पोरीच्या अंगावर आपला आजार चढलाय, या विचारानं ते मनातून पार खचले होते.

शेवटी पोहण्याच्या प्रशिक्षकांचा फोन आला. पुढच्या शनिवारी आंतरशालेय स्पर्धा होती आणि खारू नसेल तर चौघींचा चमूच बाद होणार होता. फोन फौजदारांनी घेतला. दुसऱ्या दिवशी रविवार. संध्याकाळी तिनं चहाचे कप ठेवले आणि निकाल सुनावला. केस डोळ्यांत येतायत, ते आज कापायचे, आणि शनिवारी पाण्यात उतरायचं. तीन मैत्रिणींनी वर्षभर मेहनत केली आहे, तुझ्या कंटाळ्यासाठी त्यांनी का बुडावं. साहेबांकडे वळून ती म्हणाली, "काढा स्टूल."

साहेबांनी स्टूल काढलं नाही. ते म्हणाले, राहू दे ना, वाढवायचेत तिला तर. हे ऐकून खारूनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना तिथेच कळलं: आपल्याला माहीत आहे हे तिला समजलं. ती उठली, बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

नळ सुरू झाला. फौजदार स्वयंपाकघरातून बोलतच होती, की या घरात दोघंही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेत आणि मी एकटीच वेड्यासारखी बडबडतेय. साहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. बाथरूमच्या दाराखालून एक वास येत होता. आयुष्यभर नाकात बसलेला, दुकानाचा वास. त्यांनी फळीकडे पाहिलं. निळ्या पाण्याची बाटली जागेवर नव्हती.

तेव्हा त्यांना सगळं एकदम उमगलं. ते पाणी एकदा त्यांच्या भेगाळलेल्या कोपरावर सांडलं होतं. डोळ्यांसमोर काजवे चमकले होते. ते धावत दारापाशी गेले.

"खारू, ते डोक्याला लावू नकोस. बाटली खाली ठेव. आधी साधं पाणी ओत."

आत नळ तसाच वाहत राहिला. फौजदार हात पुसत आली आणि काय लावू नकोस म्हणून विचारू लागली. आता दडवण्यात अर्थ नव्हता. साहेबांनी दाराकडे बघतच सांगितलं की तिच्या डोक्यात माझ्यासारखं आलंय आणि ती ते निळ्या पाण्यानं धुतेय.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" बायकोनं विचारलं. तिचा आवाज अगदी खाली आला होता. साहेबांना तिच्या ओरडण्याची सवय होती, या आवाजाची नव्हती. स्वेटर, एवढंच ते म्हणू शकले. तिला ते पुरलं.

तिनं त्यांना बाजूला सारलं आणि दारावर थाप मारली. कडी निघाली नाही. नळ मात्र बंद झाला आणि आतून खारू बोलू लागली. रडत नव्हती. खूप दिवस पाठ करून ठेवल्यासारखं बोलत होती.

"बाबा, मी तुमचा कंगवा वापरला होता. एकदाच. माझा सापडत नव्हता आणि शाळेची गाडी आली होती. मग बुडवायला विसरले. त्यानंतर आलं हे. पण मी कुणाला दिलं नाही. पोहायला जाणं सोडलं, तिथे सगळ्या एकमेकींच्या टोप्या घालतात. माझा कंगवा पण मी दप्तरात वेगळा ठेवलाय. रोज धुतेय. ते जातच नाही."

साहेब दाराला हात लावून उभे राहिले. म्हणजे कंटाळा नव्हता, वय नव्हतं, काही नव्हतं. या पोरीनं त्यांचा कायदा उचलला होता आणि बापाहून कडकपणे पाळला होता. मैत्रिणींना लागू नये म्हणून ती पाण्याबाहेर बसली होती, आणि मोडलेल्या नियमाची शिक्षा म्हणून महिनोन् महिने स्वतःचं डोकं भाजून घेत होती.

आणि खोटं कशाला बोला, त्या क्षणी साहेबांच्या मनात एक वाईट विचार येऊन गेला. कंगव्यानं झालं असं तिला वाटतंय, तर वाटू दे. पोर चुकली, आपण माफ केलं, प्रकरण मिटलं. बायकोही तेच धरून चालेल. आपल्या रक्ताकडे कुणी बोट दाखवणार नाही. विचार आला आणि त्याची त्यांना किळस आली.

"कंगव्यानं नाही आलं," ते म्हणाले. "कंगव्यानं येतच नाही. हे माझ्याकडून आलंय, जन्मानं. तुझ्या आजोबांच्या पायांवर होतं, म्हणून ते झोपतानाही मोजे घालायचे. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, मी लक्ष दिलं नाही. तुझी काही चूक नाही, बाळा."

बायको त्यांच्याकडे बघत होती आणि साहेबांना तिच्याकडे बघवत नव्हतं.

"कंगव्यानं येत नाही?" खारूनं विचारलं.

"नाही."

"मग तुम्ही तो वेगळा का ठेवलात?"

धंदा, स्वच्छता, खबरदारी, सगळी तयार उत्तरं साहेबांच्या ओठांपर्यंत येऊन परत गेली.

"लाज वाटायची म्हणून," ते म्हणाले.

मग फौजदारांनी काय केलं, तर खुंटीवरून तो कंगवा ओढला. दोरी तुटली. स्वतःचा अंबाडा सोडला आणि उभ्या उभ्या त्या कंगव्यानं केस विंचरायला लागली, मुळापासून टोकापर्यंत, रागारागानं. साहेब नकळत हात पुढे करून "अगं" म्हणाले. तिनं त्यांचा हात झटकला.

"बाहेर ये आणि बघ मी काय करतेय," ती दाराला म्हणाली.

कडी निघाली. खारूचे केस ओले, मानेवरून निळसर ओघळ. उजव्या कानामागची जागा सोललेल्यासारखी लाल झाली होती आणि तिथून पाणी पाझरत होतं. तिनं आईच्या हातातल्या कंगव्याकडे पाहिलं, आईच्या केसांकडे पाहिलं, आणि मग तिचा बांध फुटला. साहेबांनी तिला स्टुलावर बसवलं आणि साधं गार पाणी तांब्या तांब्यानं त्या जागेवर ओतत राहिले. बायको त्या दिवशी त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. मुलीशी बोलली, भिंतीशी बोलली, त्यांच्याशी नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी जागा तपासली आणि निळ्या पाण्याची कहाणी ऐकून कपाळाला हात लावला. चट्टा मूळचा नाण्याएवढा असावा. त्या औषधानं चिडून तो चौपट झाला होता. आटोक्यात राहील, म्हणाल्या, पण कातडी भरून येईपर्यंत तलावात उतरायचं नाही. म्हणजे शनिवार गेला.

प्रशिक्षकांना कळवणं भाग होतं आणि खारू म्हणाली, मीच सांगते. फोन हातात घेऊन ती साहेबांकडे आली आणि काय सांगू म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, खरं ते सांग, त्वचेचा आजार आहे, लागत नाही म्हणून सांग. तिनं थोडा विचार केला.

"तुम्ही दुकानात असंच सांगितलंय?"

साहेब मनगटाचं बटण चाचपू लागले. तिनं त्यांना पुरेसा वेळ दिला. मग फोन लावला आणि ताप आल्याचं सांगितलं. सराईतपणे, आवाज जरासा बसवून. उन्हाच्या अॅलर्जीची थाप साहेबांनीही अशीच सहज मारली होती.

शनिवारी चमू बाद झाला. खारू दिवसभर खिडकीशी बसून होती आणि साहेबांनी दुकानात तिघांच्या दाढ्या करताना दोघांना कापलं.

पुढचे आठवडे कसेबसे गेले. कानामागची आग थांबली, कातडी भरून आली आणि मूळचा चट्टा उरला, गुलाबी, पापुद्र्यांचा. घरातले टॉवेल एका दांडीवर आले. बायकोचा अबोला सुटला, पण साहेबांना फौजदार म्हणायचा धीर अजून होत नव्हता. एका रविवारी सकाळी दुकानाला निघताना त्यांनी खारूला भीत भीत विचारलं की संध्याकाळी स्टूल काढू का. केस खरोखरच खांद्यांखाली आले होते.

"दुकानात कापाल तर," ती म्हणाली. "सगळ्यांसारखे. मोठ्या खुर्चीत."

रविवारी सकाळी सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते हे तिला पक्कं माहीत होतं. साहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती भांडी आवरत राहिली, पण आवाज न करता, म्हणजे ऐकत होती. साहेब म्हणाले, चल.

बाकावर चौघं बसले होते. भागीदार एकाची दाढी करत होता. दर रविवारी न चुकता येणारे बँकवाले गृहस्थ पेपर वाचत होते आणि पहिला नंबर त्यांचा होता. साहेबांनी त्यांना विनंती केली की मुलीला आधी घेऊ का. ते खुशीनं हो म्हणाले. खारू मोठ्या खुर्चीत चढली, साहेबांनी तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि दोघांची आरशात नजरानजर झाली. ती त्यांच्या मनगटांकडे बघत राहिली.

या दोन खुर्च्या उभ्या करायला अर्धं आयुष्य गेलं होतं. तरीही त्यांनी उजव्या मनगटाचं बटण काढलं, मग डाव्याचं, आणि बाह्या एकेक घडी करत कोपरांच्या वर सरकवल्या. इतक्या वर्षांत तिथे पंख्याचा वारा पहिल्यांदाच लागत होता.

भागीदाराचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला. बँकवाल्यांचा पेपर खाली आला.

"सोरायसिस आहे," साहेब आरशाकडे बघत म्हणाले. "बऱ्याच वर्षांपासून आहे. लागत नाही. हिलाही आहे."

बँकवाल्यांनी पेपराची नीट घडी घातली. घरी काहीतरी राहिलं, म्हणाले, येतो नंतर, आणि ते निघून गेले. त्यांच्यामागे आणखी एक जण उठला. बाकावर एक टॅक्सीवाला आणि त्याच्याशेजारचा म्हातारा उरला. टॅक्सीवाला मनानं थांबला होता की त्याला घाई नव्हती, हे कळायला मार्ग नव्हता. भागीदार कितीतरी वेळ साहेबांच्या कोपरांकडे बघत होता. "आणि मला उन्हाचं सांगत होतास," तो म्हणाला. त्याला राग आला होता आणि वाईटही वाटलं होतं. मग त्यानं वस्तरा पुसला आणि राहिलेला गाल करायला घेतला.

साहेबांनी निळ्या पाण्याच्या बरणीतून कंगवा काढला, कोरडा केला आणि खारूच्या केसांना लावला. उघड्या कोपरावरून एक पापुद्रा सुटून तिच्या गळ्यातल्या काळ्या कापडावर पडला. त्यांचा हात झटकायला निघाला आणि मग तिथेच थांबला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

"किती ठेवू?" त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं.

खारूनं आरशात दाराकडे पाहिलं. दोघं गेले होते ते दार अजून अर्धं उघडं होतं. मग बाकावरच्या दोघांकडे पाहिलं, आणि शेवटी त्यांच्याकडे.

"कान दिसू देत," ती म्हणाली.

साहेबांनी उजव्या बाजूचे केस उचलले आणि कात्री चालवली.